चित्र सापडत नाही तेव्हा



शिक्षक कसा असावा, यावर आपल्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत. शिक्षक जिथे तयार होतो त्या महाविद्यालयात रोज काय चालते, हे डोकावून पाहणारे थोडे. बी.एड.चा छात्राध्यापक शाळेत पाठ घेतो, परत येतो आणि त्या पाठाबद्दल चार ओळी लिहितो. त्या लिहिण्याला चिंतन म्हणतात. त्याची फाईल होते, फाईलवर सही होते आणि वर्ष संपल्यावर ती कपाटात जाते. हे लिहिणे खरोखर चिंतन असते का? आणि नसेल, तर स्वतःच्या आवाजात, मोजक्या चित्रांसह केलेली दोन-तीन मिनिटांची गोष्ट, जिला जगभर डिजिटल स्टोरीटेलिंग म्हणतात, ती इथे काही कामाची आहे का? एवढाच प्रश्न मी आज हाती घेतला आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यामागचे कारण एरवी या विषयावर ऐकू येते त्याहून वेगळे आहे. नवी पिढी मोबाइलवर वाढली, तिला व्हिडिओ आवडतात, हे कारण मला अगदीच तकलादू वाटते. आवडतात म्हणून अभ्यासक्रमात आणायच्या ठरवल्या, तर यादी फार लांबेल.

वळून पाहण्याची मागणी जुनी आहे. विचाराची सुरुवात अडचणीपाशी होते, हे जॉन ड्यूई यांनी 1910 मध्ये 'हाऊ वी थिंक' या पुस्तकात मांडले. सगळे सुरळीत चालले असेल तर माणूस विचाराच्या वाटेला जात नाही. काहीतरी अडते, कोडे पडते, तेव्हा डोके चालू लागते. 1983 मध्ये डोनाल्ड शॉन यांनी 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' लिहिले. कसबी माणूस काम करता करता कसा विचार करतो आणि काम संपल्यावर मागे पाहून कसा करतो, हा फरक त्यांनी उलगडून दाखवला. त्यानंतरच्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाच्या जगात रोजनिश्या, जर्नले आणि पोर्टफोलिओ यांचा पूर आला. या पुराच्या पाण्याची खोली मोजण्याचे काम 1995 मध्ये सिडनी विद्यापीठातल्या नेव्हिल हॅटन आणि डेव्हिड स्मिथ यांनी केले. छात्राध्यापकांच्या लेखनाची त्यांनी चार प्रकारांत विभागणी केली: नुसते वर्णन, कारणे देणारे वर्णन, स्वतःशी वाद घालणारे लेखन, आणि आपल्या कृतीला समाज व इतिहास यांच्या संदर्भात तपासणारे लेखन. हाती आले त्यात सर्वांत मोठा वाटा कारणे देणाऱ्या वर्णनाचा होता. चौथा प्रकार दुर्मीळ होता. मला त्यांच्या आणखी एका निरीक्षणाचे मोल अधिक वाटते. दोन विद्यार्थी एकमेकांचे टीकाकार मित्र म्हणून समोरासमोर बसले की स्वतःशी वाद घालण्याचे प्रमाण वाढत होते. कोरा कागद माणसाला प्रश्न विचारत नाही. समोरचा माणूस विचारतो.

आपल्याकडे हा विषय एका वादाच्या पोटातून आला. महाराष्ट्रातल्या खासगी डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यातून न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला आणि 2012 मध्ये त्याचा अहवाल आला. त्यापाठोपाठ राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, 2014 च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतल्या प्रत्यक्ष कामाचे आठवडे वाढवले. नव्या आराखड्यात व्यावसायिक क्षमता वाढवण्यासाठी चार छोटे विषय आले: वाचन आणि त्यावरील चिंतन, नाट्य व कला, माहिती तंत्रज्ञानाची चिकित्सक समज, आणि स्वतःला समजून घेणे. कागदावर हे उत्तम आहे. पण तिसरा विषय संगणक-कक्षात गेला आणि चौथा फाईलमध्ये. एकीकडे स्लाइड कशी करायची याचे प्रात्यक्षिक, दुसरीकडे 'माझी बलस्थाने व उणिवा' यावर दोन पाने. ज्या दोन विषयांनी एकमेकांना धारेवर धरायला हवे होते, ते शेजारच्या खोल्यांत बसून आपापले गुण घेऊन मोकळे होतात.

आता त्या फाईलकडे जरा जवळून पाहू. पाठानंतरच्या चिंतनात काही वाक्ये ठरलेली असतात. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' 'फलकलेखनात सुधारणा आवश्यक.' 'वेळेचे नियोजन अधिक काटेकोर हवे.' ती खोटी असतात असे नाही. पण वर्गात पाऊल न ठेवताही ती लिहिता येतात. छात्राध्यापकाला मी यासाठी दोष देणार नाही. मार्गदर्शक प्राध्यापकापुढे डझनावारी फायली असतात, त्याला वाचायला फुरसत नसते आणि हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. शिवाय ज्याच्या हाती गुण आहेत, त्याच्याकडे आपला फसलेला पाठ कोण नेऊन देईल?

डिजिटल गोष्टीचा उगम शिक्षण-महाविद्यालयात झालेला नाही. 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथे जो लॅम्बर्ट, डेना ॲचली आणि नीना मलन यांनी एक माध्यम केंद्र काढले. पुढे ते बर्कलीला गेले. लॅम्बर्ट हे लोकरंगभूमीतले गृहस्थ. सामान्य माणसाने आपल्या आयुष्यातली एक गोष्ट आपल्याच आवाजात सांगावी, घरातले फोटो जोडावेत आणि तीन दिवसांच्या कार्यशाळेत ती पुरी करावी, अशी त्यांची रीत होती. वेल्समध्ये डॅनियल मेडोज या छायाचित्रकाराने ती उचलली आणि 2001 पासून 2008 पर्यंत बीबीसीच्या 'कॅप्चर वेल्स' उपक्रमात गावोगावच्या लोकांकडून अशा गोष्टी करून घेतल्या. त्यांची शिस्त कडक होती: सुमारे अडीचशे शब्द, डझनभर चित्रे, दोन मिनिटे. ह्यूस्टन विद्यापीठात बर्नार्ड रॉबिन यांनी हा प्रकार वर्गाध्यापनाकडे वळवला. कार्यशाळेची सुरुवात मात्र संगणकापाशी होत नसे. सगळे गोल करून बसत, आपापली अर्धीकच्ची गोष्ट वाचून दाखवत आणि इतर जण प्रश्न विचारत. हॅटन आणि स्मिथ यांना ज्या टीकाकार मित्राची किंमत कळली, तो इथे पद्धतीचाच भाग होऊन बसला होता.

परंतु गोलात बसून प्रश्न विचारायला मोबाइल कशाला हवा? हा आक्षेप रास्त आहे आणि माझ्या मुद्द्याची सुरुवात इथूनच होते. मोबाइलवरच्या कोणत्याही साध्या एडिटिंग ॲपमध्ये एकाखाली एक पट्ट्या असतात, एक चित्रांची, एक आवाजाची. समजा, एका छात्राध्यापिकेने सहावीच्या वर्गावर अपूर्णांकांच्या भागाकाराचा पाठ घेतला आणि त्याची गोष्ट ती करते आहे. तिने वाक्य बोलून ठेवले: 'सर्व विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' आवाजाची तीनेक सेकंदांची पट्टी तयार झाली. आता तिच्यावर चित्र हवे. तिच्याकडे फळ्याचा फोटो आहे, त्यावर सोडवून दाखवलेली उदाहरणे आहेत. पुठ्ठ्याच्या कापलेल्या पट्ट्यांचा आहे. पुढच्या बाकावरच्या दोन मुलींच्या वह्या आहेत. खिडकीकडच्या ओळीतली एक वही घाईत टिपली गेली आहे. 'सर्व' या शब्दावर ठेवायला यातले काहीच पुरत नाही. मग ती तो शेवटचा फोटो मोठा करून बघते. त्या मुलाने दुसऱ्या अपूर्णांकाऐवजी पहिलाच उलटा केला आहे आणि नंतर गुणाकार अगदी बिनचूक केला आहे. 'उलटा करा आणि गुणा' असे बाईंनी सांगितले होते. कोणता आणि का, हे त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. त्याने बाईंचे इमानाने ऐकले होते. आता तिला एकतर वाक्य बदलावे लागेल किंवा पडदा तीन सेकंद काळा ठेवावा लागेल.

ड्यूई ज्याला अडचण म्हणतात ती अशी दिसते. लिहिलेल्या पानात शब्द शब्दाला झाकतो. वाक्य व्याकरणाने उभे राहिले की लिहिणाऱ्याला ते खरे वाटू लागते. चित्राची पट्टी त्या वाक्याकडे पुरावा मागते, आणि तोही प्राध्यापकाने लाल शाई उघडण्यापूर्वी, छात्राध्यापक एकटा बसलेला असताना. या प्रकाराचे मोल मी या विसंगतीत मानतो. बोललेले आणि पाहिलेले जुळत नाही, अशी जागा तो हटकून दाखवतो. म्हणून एक नियम मला अनिवार्य वाटतो: इंटरनेटवरून उसनी चित्रे घ्यायची नाहीत. हात वर केलेल्या हसऱ्या मुलांचे चित्र दोन मिनिटांत मिळते आणि ते चिकटवले की भेग बुजली. फोटो नसेल तर हाताने चित्र काढावे. ते कसेही येवो, पण काढताना कोण कुठे बसले होते आणि बाई कोणाकडे तोंड करून उभ्या होत्या, हे ठरवावेच लागते.

अडीचशे शब्दांची मर्यादा हे दुसरे हत्यार, आणि ते दुधारी आहे. पहिल्या खर्ड्यातून विशेषणे जातात, प्रास्ताविक जाते, 'शिक्षणाचे अनन्यसाधारण महत्त्व' जाते. हे सगळे गेलेलेच बरे. पण कात्री पुढे चालू राहिली की अडचणीचा प्रसंगही जातो, कारण तो समजावून सांगायला जागा लागते. गुळगुळीत गोष्ट आणि प्रामाणिक गोष्ट यांची लांबी सारखीच असू शकते. त्यामुळे नुसती शेवटची फिल्म पाहून तिच्यात चिंतन आहे की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही. पहिला खर्डा, गोलात विचारलेले प्रश्न आणि शेवटचा खर्डा एकाशेजारी एक ठेवले, तरच काय हलले ते दिसेल. आजकाल पटकथा, चित्रे, आवाज सगळे यंत्राकडून क्षणात करून मिळते. फिल्म हेच उद्दिष्ट मानले तर बी.एड. महाविद्यालयाने ते काम यंत्रावर सोपवावे आणि वीजबिल वाचवावे.

सर्वांत गंभीर आक्षेप दक्षिण आफ्रिकेतून आला आहे, आणि तो या पद्धतीच्या विरोधकांनी नव्हे, तर ती राबवणाऱ्यांनीच घेतला आहे. केप टाऊनच्या केप पेनिन्सुला तंत्रज्ञान विद्यापीठात डॅनिएला गाचागो, युनिस इव्हाला, जॅनेट कॉन्डी आणि ॲग्नेस चिगोना यांनी 2010 च्या सुमारास शेवटच्या वर्षाच्या छात्राध्यापकांसोबत डिजिटल गोष्टींचे काम सुरू केले. वर्णभेदाची राजवट 1994 मध्ये संपली असली, तरी एकाच वर्गात बसणाऱ्या काळ्या, गोऱ्या आणि मिश्रवंशीय विद्यार्थ्यांची घरे, शाळा, बसची वाट, सगळे अजून वेगळे होते. त्यांनी एकमेकांना गोष्टी सांगाव्यात, हा हेतू. मेगन बोलर यांनी मांडलेल्या 'अस्वस्थतेच्या अध्यापनशास्त्रा'चा आधार त्यामागे होता: आपल्या समजुतींना हादरा बसेल अशा अस्वस्थतेतूनच शिकणे होते, ही त्यातली कल्पना. विद्यार्थी हेलावले, एकमेकांबद्दल त्यांना नव्याने कळले, हे अभ्यासांत नोंदले गेले. पण गाचागो यांनी पुढे आपल्या प्रबंधात याच कामाला भावविवशतेच्या कसोटीवर घासले. गरिबीतून, हिंसेतून वर आलेल्या विद्यार्थ्याची गोष्ट ऐकून बाकीच्यांचे डोळे भरून येतात आणि त्या भरून येण्यातच काम झाल्यासारखे वाटते. सांगणाऱ्याचे दुःख ऐकणाऱ्याच्या शिक्षणाचे साहित्य बनते. ती परिस्थिती कोणी आणि कशी घडवली, आजही तिचा लाभ कोणाला होतो, हे प्रश्न अश्रूंत वाहून जातात.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. आपल्या मनातल्या आदर्श शिक्षकाला रडू लवकर येते. 'श्यामची आई' 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि तिचे श्रेय-अपश्रेय आपल्या शिक्षकी भाषेत अजून वावरते. साने गुरुजींवर मात्र अन्याय नको: त्यांचा श्याम पुष्कळदा स्वतःच्या चुकीचीच हकीकत सांगतो. वारसदारांनी चूक सोडली आणि पाणावलेले डोळे तेवढे उचलले. मग गोष्टीचा एक साचा पडला. मुलगा मागे होता, गुरुजींनी प्रेमाने पाठीवर हात ठेवला, मुलगा पुढे गेला. गिजुभाई बधेका यांच्या 1932 च्या गुजराती 'दिवास्वप्न'मधला शिक्षक असा नाही. पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ साफ फसतो आणि ठरवलेले सगळे त्याला गुंडाळावे लागते. शिक्षकाने फसलेला तास सांगणे आपल्या मातीत नाही, असे म्हणणाऱ्याने ती पाने जरूर उघडावीत.

केप टाऊनचा धडा आपल्या वर्गात आणला तर जातीचा प्रश्न टाळता येत नाही. 'स्वतःला समजून घेणे' या विषयाखाली सर्वांनी आपली जीवनकथा सांगा, असे फर्मान निघाले, तर कोणाकडे सांगण्यासारखे काही नसेल आणि कोणावर उघडे होण्याची सक्ती होईल, हे आधीच ठरलेले आहे. दया पवारांनी 'बलुतं' हे दलित आत्मकथन 1978 मध्ये स्वतःच्या निर्णयाने, स्वतःच्या अटींवर लिहिले. तशीच गोष्ट गुणपत्रिकेच्या धाकाने काढून घेणे हा अत्याचार आहे. म्हणून गोष्टीचा विषय बदलावा, असे मी सुचवतो. 'माझे आयुष्य' हा विषय नको. 'माझ्या वर्गातला न उमगलेला एक प्रसंग' हा हवा. डेव्हिड ट्रिप यांनी 1993 च्या पुस्तकात दाखवून दिले आहे की निर्णायक प्रसंग हा मुळात नाट्यमय असतोच असे नाही. अगदी सामान्य घटनेकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्यातून तो निर्णायक होतो. पहिला अपूर्णांक उलटा करणारी वही हा असाच प्रसंग. त्यात कोणाला रडवण्याची सोय नाही.

यावर म्हटले जाईल की मग शिक्षकाचे पूर्वायुष्य बाहेरच राहिले, आणि खरी गाठ तर तिथेच असते. डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये 'स्कूलटीचर' या पुस्तकात हिशेब मांडला होता की शाळा संपेपर्यंत मुलाने शिक्षकांना सुमारे 13,000 तास समोरून पाहिलेले असते. ही उमेदवारी बी.एड.च्या आधीच पुरी झालेली असते आणि दोन वर्षांचे प्रशिक्षण तिच्यापुढे बहुधा हरते. आक्षेप मान्य आहे. पण पूर्वायुष्य आत यायला आत्मचरित्राचे दार लागत नाही. 'उलटा करा आणि गुणा' हे वाक्य त्या छात्राध्यापिकेने कोठून आणले? स्वतःच्या सहावीतून. गोलातल्या एखाद्या मैत्रिणीने एवढे विचारले की 13,000 तास आपोआप खोलीत येतात, आणि किती सांगायचे हे सांगणारीच्या हाती राहते.

व्यवहाराचे आक्षेप उरतात. आपल्या शिक्षकांना फोटोचा वीट आला आहे, तो उगाच नाही. 2016 च्या अखेरीस विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून राज्याच्या शिक्षण विभागाच्या 'सरल' या ऑनलाइन प्रणालीवर चढवण्याचा आदेश निघाला आणि शिक्षकांच्या विरोधानंतर तो बारगळला. पण उपक्रमाचे फोटो गटावर टाकण्याचा रिवाज काही गेला नाही. हा फोटो वरिष्ठांना 'झाले' एवढे सांगण्यासाठी असतो. डिजिटल गोष्टीचेही तेच होणे सहज शक्य आहे: तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून राज्यात, आणि शेवटी उत्कृष्ट चिंतनाची ढाल. म्हणून या गोष्टींच्या स्पर्धा नकोत आणि त्या चढवायच्याही नाहीत. मुलांच्या खासगीपणाचीही तीच मागणी आहे. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. चेहरे वगळले, नावे वगळली, तरी वह्या, फळा, चपलांची रांग, डब्यांची जागा एवढे चित्रांसाठी राहते. चेहरा नसल्यामुळे गोष्टीतला गोडवा कमी होतो, हा वरचा फायदा.

गुणांचे काय करायचे, याचे चोख उत्तर माझ्याकडे नाही. गुण ठेवले तर छात्राध्यापक प्राध्यापकाला आवडेल अशी चूक शोधून आणेल. नाही ठेवले तर आपल्या व्यवस्थेत ते काम कोणी मनावर घेणार नाही. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा दिसतो की फिल्मला गुण देऊच नयेत. गोलात दुसऱ्याच्या गोष्टीला विचारलेल्या प्रश्नांना द्यावेत. प्रश्नाची बतावणी करणे कबुलीच्या बतावणीपेक्षा कठीण आहे, आणि शिक्षकाला आयुष्यभर लागणारे कसबही तेच आहे.

वेळ नाही, असे सांगितले जाईलच. 2025 च्या एनसीटीईच्या मसुद्यात एक वर्षाचा बी.एड. पुन्हा डोकावल्यामुळे या आक्षेपाला धारही येईल. पण हिशेब करून पाहावा. शाळेतल्या आंतरवासितेच्या सोळा आठवड्यांत एका छात्राध्यापकाने दोनच गोष्टी कराव्यात, एक चौथ्या आठवड्याच्या सुमारास आणि एक शेवटाकडे. पाच-सहा जणांचा गोल, शनिवारची दुपार, प्रत्येकी अर्धा तास. महाविद्यालयाला नवा संगणक-कक्ष लागत नाही. ज्याच्याकडे चांगला फोन नाही त्याने गोलातल्या दुसऱ्याच्या फोनवर काम करावे. त्या बदल्यात पाठागणिक लिहिल्या जाणाऱ्या चिंतनाची पाने रद्द करावीत. तो निर्णय विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो, आणि त्या दिवशी प्राध्यापकांच्या टेबलावरचा फायलींचा ढीगही निम्म्याने उतरेल.